विमानाच्या वाट्याचा चुरमा

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट ऐकून तुम्ही मला हसणार. हसा. आमच्या हिंगणघाटात तेव्हा सगळे हसले, मग तुम्ही काय परके? पण हसण्याआधी एक नीट ध्यानात घ्या, की आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं सात फुटी जेट विमान बांधलं आणि ते आभाळात उडवलं. प्रवासी विमान असतं ना, पांढरंशुभ्र, ओळीनं खिडक्या असलेलं, अगदी तसंच. फक्त आत माणसं नाहीत, आणि आपण खाली उभं राहून हातातल्या डब्यावरच्या दोन दांड्यांनी ते चालवायचं. वर्धा जिल्ह्यात त्या काळी असं विमान दुसऱ्या कुणी उडवलं असेल तर मला दाखवून द्या.

आणि त्याच विमानाला जमिनीला खिळवून ठेवणारी बाई म्हणजे मी.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. हे सूतगिरणीत जोडारी होते. यंत्र बिघडलं की खोलायचं, दुरुस्त करायचं, परत जोडायचं. एकदा गिरणीच्या कामानं नागपूरला गेले. काम लवकर आटोपलं, तर विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून दोन तास उभे राहिले. घरी आले तेव्हा वेगळेच दिसत होते. जेवताना म्हणाले, "म्या एक बांधतो."

मी म्हटलं, "काय, माळा?"

"विमान."

मी भात वाढला. नवरा जेवताना असं काही बोलला की मी आधी भात वाढते आणि मग विचार करते.

पण ह्यांचं बोलणं म्हणजे नुसतं बोलणं नसतं. मस्कतला असलेल्या आतेभावानं सुट्टीवर येताना तो रेडिओचा डबा आणून दिला. कलकत्त्याहून पोस्टानं बाल्सा नावाचं लाकूड मागवलं. काय ते लाकूड हो, हातात घेतलं तर पापड घेतल्यासारखं वाटतं. आधी एक छोटं, एका इंजिनाचं विमान केलं. ते दोनदा शेतातल्या ज्वारीच्या ताटांत पडलं, तिसऱ्यांदा उडालं. मग उडवायला हात बसला आणि ह्यांनी मोठं जेट घेतलं हाती. तीन वर्षं लागली. पंखांवर ताणून बसवायला पातळ रेशीम हवं होतं. हिंगणघाटात कापूस हवा तेवढा, रेशीम कुठून आणणार? मी पेटीतून माझं लग्नातलं पातळ काढून दिलं. आमच्या मामांनी दिलेलं, पिवळं. वरून पांढरा रंग चढला, त्यामुळे कुणाला दिसायचं नाही, पण मला ठाऊक होतं ना. कोणत्या बाईचं पातळ उडायला निघालं होतं, सांगा बरं?

आमचे शेजारी गुलाबराव. हंगामात कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायचे, एरवी शेती करायचे. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. विमानाच्या पंखांखाली दोन मुठीएवढी इंजिनं आणि त्यांच्यापुढं छोटे पंखे बघून ते म्हणाले, "काऊन भाऊ, जेट म्हणता न् पंखे लावता? जेटले कुठं पंखे रायते?"

"एवढंसं जेटचं इंजिन कोण देते मले?" हे म्हणाले. "उडताना पंखा दिसत नाई. दुरून जेटच दिसते."

"मंग दुरूनच पाहू आम्ही," असं म्हणून गुलाबराव चहा पिऊन गेले.

विमानाला घरात जागा कुठे होती? दोन खोल्यांचं घर आमचं. पुढच्या खोलीत सासूबाईंची खाट, देवघर आणि ह्यांची पेटी. पंख काढून भिंतीशी उभे केले तरी धड तेवढंच लांब. शेवटी ते असं बसलं, की नाक देवघराकडे आणि शेपूट स्वयंपाकघराच्या दारात. पाहुणे आले की ओलांडून जायचे. सासूबाई म्हणायच्या, "सून आली तेव्हा एवढी जागा नाई अडली." पण रोज सकाळी आपल्या लुगड्याच्या पदरानं त्याच्या खिडक्या त्याच पुसायच्या.

तर शेपूट स्वयंपाकघराच्या दारात, हे तेवढं लक्षात ठेवा.

त्या वर्षी कार्तिकात पानठेल्यावर गप्पा चालल्या होत्या आणि गुलाबराव बोलून गेले, "होळीले लाकडं कमी पडले त सांगजा बापा. भाऊच्या घरी कलकत्त्याचं लाकूड हाय." सगळे हसले. हे हसले नाहीत. घरी आले, हातपाय धुतले, आणि मला म्हणाले, "होळीपर्यंत उडालं त उडालं. नाई त म्या सोता नेऊन होळीत टाकतो."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण ह्या माणसानं एकदा 'पान सोडलं' म्हटलं, आणि मग लग्नाच्या पंगतीतसुद्धा विड्याला हात लावला नाही. बोलले म्हणजे करणार. तीन वर्षांची मेहनत, माझं पातळ, सासूबाईंचा पदर, सगळं होळीत जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

माझ्याकडे इलाज एकच. बोटांवर मोजलं, तर फाल्गुनातल्या होळीच्या आत बरोबर सोळा सोमवार बसत होते. लगेच येणाऱ्या सोमवारी व्रत धरलं. दिवसभर उपास, संध्याकाळी महादेवाची पूजा, आणि कणीक, तूप, गूळ घालून चुरमा. त्याचे तीन वाटे करायचे. एक देवाचा, एक लोकांना वाटायचा, एक आपला. आपण त्या दिवशी तेवढाच खायचा, मिठाशिवाय.

पहिल्या सोमवारी वाटे करायला बसले. समोर दारात विमानाची शेपटी. खोटं नाही सांगत, स्वयंपाकघराच्या दारात कुणी आशेनं उभं असावं ना, तशी ती मला दिसली. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्या तोंडात कण नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांना प्रसाद? मन काही राहीना. सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, ज्याच्यासाठी व्रत धरलं, त्याले पण प्रसाद द्याव लागते का?"

त्या जप करत होत्या. म्हणाल्या, "द्याव लागते म्हणजे? पयले त्यालेच दे."

त्यांना वाटलं, मी त्यांच्या मुलाबद्दल विचारते आहे. मला वाटलं, आज्ञा झाली.

पण विमानाला खाऊ घालायचं कुठून? नाकात तेलाची टाकी, बॅटरी, तारा, शिशाचे तुकडे, अगदी ठासून भरलेलं. शेपटीचं टोक मात्र टोपीसारखं निघायचं. आत पोकळ. दोन बारीक काड्या मागच्या सुकाणूकडे गेलेल्या, बाकी काही नाही. मी टोपी काढली, चौथा वाटा पळसाच्या पानात बांधला, आणि काड्यांना धक्का न लावता हात घालून आत सरकवला. खुळखुळू नये म्हणून भोवती कापूस दाबला. आमच्या गावात कापसाला काय तोटा? टोपी लावली आणि नमस्कार केला. मन इतकं हलकं झालं, काय सांगू.

विमान मात्र जड झालं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, ह्यांच्या गिरणीची सुट्टी. दर मंगळवारी हे विमानाला पंख चढवायचे आणि तोल बघायचे. पंखांखाली दोन्हीकडे लाल पेन्सिलीची खूण होती. त्या खुणांवर दोन बाजूंनी एकेक बोट टेकवून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर तोल बरोबर. शेपूट खाली गेली तर असं विमान उडवायचं नाही, ते वर जाऊन उलटं पडतं, असं हे सांगायचे.

एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला गुलाबराव. उचललं. शेपूट खाली.

"मागच्या मंगळवारी बरोबर होतं," हे म्हणाले.

"बोट सरकलं असन."

परत उचललं. परत शेपूट खाली. ह्यांनी नाकात शिशाचा एक तुकडा वाढवला. तोल जमला. मी दारात उभी राहून बघत होते. बघा हं, आता माझं डोकं कसं चाललं ते. माझ्या डोळ्यांसमोर माझा नवरा विमानात वजन भरतो आहे. म्हणजे विमानाला वजन हवं आहे. म्हणजे माझा चुरमा वायाला जात नाही. चुकलं का माझं काही? आता तुम्ही म्हणाल चुकलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या सोमवारी दुसरी पुडी. दुसऱ्या मंगळवारी शेपूट खाली. शिशाचा दुसरा तुकडा.

तिसऱ्या मंगळवारी हे म्हणाले, "रंग अजून वला हाय." रंग देऊन दोन महिने झाले होते.

पाचव्या मंगळवारी म्हणाले, "थंडीचं लाकूड ओल धरते." मग विमान दिवसभर उन्हात अंगणात. त्याच्या बाजूला माझ्या वड्या. दोन्हींवर कावळे येऊ नयेत म्हणून सासूबाई काठी घेऊन बसलेल्या.

सातव्या मंगळवारी म्हणाले की जमीनच सरळ नाही. सासूबाईंची खाट हलवली, पाण्याची वाटी ठेवून जमीन तपासली. जमीन बिचारी सरळ होती.

शेपूट लांब, नाक आखूड. त्यामुळे मागं तोळाभर चढलं की पुढं दीड तोळा घालावं लागायचं. आणि माझा वाटा काही तोळ्याचा नसायचा हो. विमान सात फुटी. त्याला लिंबाएवढा चुरमा देऊन कसं चालेल? चांगला मोठा, मुठीएवढा लाडू वळायचे. जसजसे सोमवार सरत गेले, तसतशी माझी आशा वाढली आणि लाडवाचा आकारही.

नवव्या मंगळवारी गुलाबरावांनी जिनिंगमधून काटा आणला. अख्खं विमान काट्यावर ठेवलं. बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"भाऊ, तीस वर्षं झाले कापूस मोजून राह्यलो. काटा लबाडी करत नाई. तुमचं विमान बाळसं धरून राह्यलं."

"लाकूड कधी बाळसं धरते का?"

"खात्यापित्या घरचं दिसते," गुलाबराव म्हणाले.

मला किती बरं वाटलं ते ऐकून. मी त्यांना दोन पेढे जास्त दिले.

मग मुंग्या आल्या. दहाव्या सोमवारच्या सुमाराला. देवघराच्या कोपऱ्यातून निघाल्या त्या सरळ चाकावरून चढून शेपटीत. तूप आणि गूळ, त्या काय सोडतात? सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, विमानाले मुंग्या लागल्या. हे कुठं ऐकलं नाई बाप्पा." मी घाबरले. प्रसादाला मुंग्या म्हणजे पाप. मग दुधाच्या कपाटाला करतो तेच केलं. विमानाची तिन्ही चाकं पाण्याच्या वाट्यांत उभी केली.

हे संध्याकाळी आले. वाट्यांकडे बघत उभे राहिले.

"हे काय वं?"

"मुंग्या डिंक खातात म्हणते. तुमी एवढा डिंक लावला लाकडाले. म्हटलं, नुकसान नको."

हे मान डोलावून आत गेले. पण गुलाबरावांना सांगताना मी ऐकलं, "बाईले समजत नाई म्हणते जग. माह्या बायकोले पाहा, चाकाले पाणी ठेवून राह्यली. एवढी काळजी कोण करते?" आणि मी फुगडी घालायचीच काय ती बाकी राहिली.

करता करता सोळावा सोमवार झाला. सोळावी पुडी काही सरळ आत जाईना. मी नीट बसवून, दाबून, "महादेवा, आता तुझ्यावर" म्हणून टोपी लावली. दुसऱ्या दिवशी मंगळवार. त्यानंतर दोन दिवसांनी होळी.

गावाबाहेर नवा डांबरी रस्ता तयार झाला होता, गाड्या सुरू व्हायच्या होत्या. तिथे उडवायचं ठरलं. गिरणीला सुट्टी, त्यामुळे निम्मी गिरणी तिथे. बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला. सासूबाईंना बैलगाडीतून आणलं, त्या गाडीतच मांडी घालून बसल्या. मी सगळ्यांना वाटायला कालच्या चुरम्याचा डबा भरून आणला होता. विमान रस्त्यावर ठेवलं. काय दिसत होतं म्हणून सांगू, पांढरं, उन्हात चमकणारं. गिरणीतला एक माणूस म्हणाला, "भाऊ, टिकीट कुठं भेटते?" आणि कुणी हसलं तरी ते चांगलं हसणं होतं.

ह्यांनी सकाळी परत तोल बघितला होता. परत शिसं घातलं होतं. आता नाकात शिसं मावेना, म्हणून खालून पट्टीनं बांधलं होतं.

इंजिनं सुरू केली. दोन्ही गरजली. ह्यांनी डब्यावरची दांडी पुढं केली आणि विमान निघालं. धावलं. धावलं. आणखी धावलं. लोक मागून पळाले. शंभर पावलं झाली, दोनशे झाली, रस्ता संपत आला. नाक वर होईना. ह्यांनी इंजिनं बंद केली.

उचलून परत आणलं. परत सोडलं. परत धावलं. चाकं डांबर सोडायला तयार नाहीत. इंजिनं बिचारी तापून वास मारायला लागली.

"भाऊ, हे विमान नाई, यष्टी हाय," कुणीतरी बोललं.

"हैदराबादले लावून द्या, रस्त्यानंच जाईन."

तिसऱ्यांदा तेच. आणि मग टिंगल करणारेसुद्धा खाली रस्त्याकडे बघायला लागले. तेच जास्त वाईट. हे विमानाजवळ उकिडवे बसले. पंखावरून हात फिरवला. हळूच म्हणाले, "घेऊन चला, गुलाबराव. परवा होळी हाय."

गुलाबरावांचं तोंड बघवेना. म्हणाले, "भाऊ, ते म्या गमतीनं बोललो होतो. तुमी काऊन मनावर घेतलं?"

"तुमच्यासाठी नाई. म्या बोललो होतो."

सासूबाईंनी गाडीतच डोळ्यांना पदर लावला.

मी तिथे उभी. माझं व्रत. सोळा सोमवार बिनमिठाचे. कुठे चुकलं? आणि मला वाटलं, कदाचित कमी पडलं. एवढं जड विमान, सोळा वाट्यांनी त्याचं काय होणार? देवाला आणखी एक हवा असेल. माझ्या हातात चुरम्याचा डबा होताच.

पुढं झाले. सगळ्यांच्या देखत विमानाच्या मागं बसले. महादेवाचं नाव घेतलं. शेपटीची टोपी काढली. डब्यातला सगळ्यात मोठा लाडू घेतला आणि आत घालायला लागले.

"काय करून राह्यली?" हे म्हणाले.

"काई नाई जी. प्रसाद ठेवते."

"कुठं?"

"हितं. नेहमीच्या जागी."

ह्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. ते गुडघ्यांवर चालत माझ्याकडे आले. मला बाजूला केलं. शेपटीत हात घातला. आधी कापूस निघाला. मग एक पळसाची पुडी. मग कापूस. मग दुसरी पुडी. हे काढत होते आणि रस्त्यावर ओळीनं ठेवत होते. जुन्या पुड्या वाळून दगड झालेल्या. लोक जवळ आले, वाकून बघायला लागले. सोळाच्या सोळा निघाल्या. आत काही राहिलं नाही ना म्हणून ह्यांनी शेपटी झटकली, तर दोन-चार मुंग्या पडल्या.

"दर सोमवारी?" ह्यांनी विचारलं.

"दर सोमवारी," मी म्हटलं.

"न् म्या दर मंगळवारी." ते ओळीकडे बघत होते. "तू मांगून भरून राह्यली, न् म्या पुढून भरून राह्यलो."

मी म्हटलं, "तुमी शिसं भरत होते. म्हटलं, विमानाले वजन पायजे."

गुलाबरावांनी दोन पुड्या दोन तळहातांवर घेतल्या. कापूस तोलायची सवय, डोळे मिटून अंदाज घेतला. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, विमानाचं वजन बरोबर होतं. हे सामान जास्त झालं."

आधी सासूबाई हसल्या. गाडीत, एकट्याच, तोंडावर हात ठेवून. मग सगळा रस्ता हसायला लागला. हे हसले नाहीत. मान खाली घालून नाकाखालची पट्टी सोडत होते. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि आधी मला वाटलं ते रडतात.

सगळं जास्तीचं शिसं काढलं. मुळातले जुने तुकडे तेवढे ठेवले. दोन बोटांवर विमान उचललं. नाक किंचित झुकलं आणि तिथेच राहिलं. माझ्या नवऱ्यानं चार महिन्यांनी तो तोल बघितला. मला म्हणाले, "तू तिकडे मायजवळ उभी राय. हात समोर ठेव, मले दिसले पायजे."

मी दोन्ही हात समोर धरून उभी राहिले.

विमान निघालं. पन्नास पावलं गेलं असेल नसेल, नाक उचललं, आणि चाकांनी रस्ता सोडला. असं सहज हो, जसं पाटावरून उठावं. वर गेलं. बाभळीच्या वर, मग विजेच्या तारांच्या पुष्कळ वर. पंखे दिसेनात. गुलाबराव डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "जेटच हाय बापा." ह्यांनी त्याला वळवलं, आणि ते तिरकं होऊन आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पंखांतून ऊन आरपार आलं, आणि पांढऱ्या रंगातून मला माझं पिवळं पातळ दिसलं. आणखी कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

तीन फेऱ्या मारल्या. मग हळू खाली आलं, रस्त्यावर टेकलं, एकदा उडी मारल्यासारखं केलं आणि ह्यांच्या पायाजवळ येऊन थांबलं. निम्म्या गिरणीनं ह्यांना खांद्यावर घेतलं. गुलाबराव सगळ्यांत पुढं. मी उभी तिथेच, हात समोर धरून. खाली घ्यायचे मला सुचलंच नाही.

होळीला आम्ही साधं गोवऱ्या-लाकूडच वाहिलं. सतराव्या सोमवारी उद्यापन केलं. त्या सोळा पुड्या वेणा नदीच्या माशांना घातल्या. आणि गावात माझा केवढा मान वाढला म्हणता? बायकांनी काय हिशेब केला माहीत आहे? सोळा सोमवार पुरे झाले आणि दुसऱ्याच दिवशी विमान उडालं. बाकी मधलं कुणी मोजलंच नाही. मीही फारसं समजावून सांगितलं नाही. खरं म्हणजे त्यांचं अगदीच खोटं आहे, असं मला अजूनही वाटत नाही.

पाडव्यानंतर एक दिवस गुलाबरावांची बायको पुष्पाताई आली. त्यांच्या मळ्यातला विहिरीवरचा पंप बरेच महिने बंद पडला होता. दोन मिस्त्री येऊन गेले, काही समजलं नाही. ओलिताचा गहू हातचा गेला होता. बिचारी म्हणाली, "ताई, तुमी केलं ते व्रत सांगा मले. म्या पंपासाठी धरते सोळा सोमवार."

मी आनंदानं सांगायला सुरुवात केली. कणीक किती, तूप किती, वाटे कसे. हे पेटीवर बसून इंजिन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "वैनी, व्रत मंग धरा. पयले मले सांगा, आमची ही पंपाजवळ गेली होती का?"

पुष्पाताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, काय बाई ह्यांचं बोलणं. मी कशाला जाते त्यांच्या पंपाजवळ?

म्हणजे, दसऱ्याला गेले होते. पुष्पाताईनंच बोलावलं होतं, औजारांच्या पूजेला. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्या नेमक्या कुठे पडल्या, ते मात्र मला आठवत नाही.